चार नंबरच्या बोअरचं पाणी

जमिनीखालून जे काही वर येतं ते आधी माझ्या रजिस्टरात येतं, मग शेडमध्ये. मातीचे नमुने प्लास्टिकच्या पिशव्यांत, खडकाचे दंडगोल लाकडी पेट्यांत. एका पेटीला पाच कप्पे, एका कप्प्यात एक मीटर. पुस्तक वाचावं तसं वाचायचं. वरच्या कप्प्याच्या डाव्या टोकाला असेल ते जमिनीच्या जवळचं, खालच्या कप्प्याच्या उजव्या टोकाला असेल ते सगळ्यांत खोलातलं. तुकडा उलटा ठेवलात तर पृथ्वी उलटी होते, असं साइटवरच्या ताईने कामाला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात मला सुनावलं होतं. मी हसलो होतो. दगड तो दगड, त्याला डोकं कुठलं आणि पाय कुठले, अशी तेव्हा माझी समजूत होती.

मला सगळे रजिस्टर म्हणतात. तोंडावर ‘रजिस्टरकाका’, पाठ वळली की नुसतं ‘रजिस्टर’. राग नाही. एकोणीस वर्षं मी या कंपनीत पेट्या, पिशव्या, डिझेल, पाण्याचे टँकर आणि हातमोजे लिहितोय. हातमोज्यांत उजवा आधी फाटतो, म्हणून नवी जोडी मागायला येणारा माणूस धड असलेला डावा खिशात दडवून येतो. कोणाच्या घरी किती डावे हातमोजे साठलेत हे मला त्याच्या बायकोपेक्षा जास्त माहीत आहे. माणसं काय बोलतात याकडे मी फारसं लक्ष देत नाही. त्यांनी काय आणि किती नेलं, तेवढं बघतो. तेवढ्यात भागतं.

तर काम होतं एका इस्पितळाच्या नव्या इमारतीचं. सहा मजले, वर यंत्रांच्या खोल्या, खाली तळघर. जुन्या इमारतीमागे गाड्या लावायचं फरसबंद आवार होतं, तिथे बारा ठिकाणी बोअर घ्यायचे होते. खडक किती खोल आहे ते बघायचं, म्हणजे खांब कुठपर्यंत न्यायचे ते ठरतं. बोअर घेणारा वस्ताद, आणि वर आलेलं वाचून कागदावर उतरवणारी ताई. वस्ताद ताईचा बाप.

हे नातं साइटवर कोणी तोंडातून काढत नसे, ते दोघं तर नाहीच. साइटवर ती त्याला ‘वस्ताद, तुम्ही’ म्हणायची आणि तो तिला ‘मॅडम’. घरी ‘बाबा, तू’ आणि ‘ठमे’. मला कसं माहीत? दुपारी डबा एकाच घरातून यायचा, दोन मजली. वरच्या डब्यात जास्त असायचं, आणि वस्ताद रोज म्हणायचा, “मॅडम, चुकून तुमचा डबा माझ्याकडे आला,” आणि वरचा तिच्याकडे सरकवायचा. रोज चुकून.

वस्तादची कीर्ती मोठी होती. मशीन चालू असताना तो फिरत्या रॉडवर हाताचा पंजा टेकवायचा आणि सांगायचा, “चिकणमाती संपली. वाळू.” पिशवी वर यायची, त्यात वाळू. “आता गोटे.” गोटे. दुसऱ्या कंपन्यांचे इंजिनिअरसुद्धा म्हणत, वस्तादने खडक म्हटलं ना, मग खडक. चाळीस वर्षांत त्याचा एकही बोअर पुन्हा घ्यावा लागला नव्हता. हे वाक्य तो स्वतः कधी बोलत नसे, पण दुसऱ्या कोणी बोललं की चहाचा कप खाली ठेवून नीट ऐकायचा. निवृत्तीला दोन महिने राहिले होते.

ताईचं काम वेगळं. प्रत्येक बोअरचा एक लांबट तक्ता. डाव्या कडेला खोली, मग मातीचं चित्र: वाळूला ठिपके, चिकणमातीला आडव्या रेघा, गोट्यांना गोल. मग किती ठोक्यांत नमुन्याची नळी किती खाली गेली. मग मीटरभर खडक कापला त्यातला किती हाताला लागला. आणि शेवटी एक बारीक रकाना: पाणी परत आलं का. खडक कापताना बिट, म्हणजे रॉडच्या टोकाचं पातं, तापतो, म्हणून रॉडमधून पाणी सोडतात. ते तळाशी जाऊन चुरा घेतं आणि केसिंगमधून, म्हणजे भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून उतरवलेल्या लोखंडी पाइपमधून, वर येऊन टाकीत पडतं. तेच पाणी पुन्हा खाली. हा रकाना वस्ताद सांगायचा आणि ताई लिहायची, कारण ती एकाच वेळी दोन मशीन बघायची. तक्त्याखाली दोन सह्या, त्याची आणि तिची.

चार नंबरची पेटी एका मंगळवारी शेडमध्ये आली. मी नोंद केली: खडक आठ मीटर साठपासून, बोअर बंद अकरा मीटर साठला. तीन मीटर सलग खडक लागला की थांबायचं असा करार होता. शेजारच्या तीन नंबरला खडक नऊ चाळीसला, पाचला आठ नव्वदला. सगळं एका रांगेत. साहेब खूश. आमच्या साहेबांच्या घड्याळात ‘कालपर्यंत’ एवढी एकच वेळ असते, त्यामुळे ते खूश झाल्याची मी तारखेसकट नोंद घेतो.

ताई आली, बादलीत स्पंज बुडवला आणि दगड पुसायला लागली. कोरडा दगड मुका असतो, ओला झाला की बोलतो, हे तिचंच म्हणणं. एरवी अर्ध्या तासात एक पेटी लिहून व्हायची. त्या दिवशी ती चार नंबरचा पहिला तुकडा हातात घेऊन बसली ती बसलीच. मग तीन नंबरची पेटी ओढून आणली. मग पाचची. मग तिन्ही शेजारी मांडून स्टुलावर चढली आणि वरून बघत राहिली.

“काका, पेट्या लावताना काही उलटसुलट झालं?”

“माझ्या हातून?” मी म्हटलं. “हातमोजे मोजतानासुद्धा मी उलटसुलट करत नाही.”

“तसं नाही. इकडे या. तीनमध्ये हे काळे-पांढरे पट्टे बघा, कसे आहेत?”

“आडवे.”

“पाचमध्ये?”

“आडवेच.”

“आणि चारमध्ये?”

चारमध्ये पट्टे तिरके होते. भिंतीवरची चौकट कोणाच्या तरी खांद्याचा धक्का लागून कलते तसे. सगळ्याच तुकड्यांत, सारख्याच तिरकेपणाने.

“आणि हा पहिला तुकडा,” ती म्हणाली. “तीनमध्ये वरचा मीटरभर खडक कुजलेला आहे, नखाने उकरता येतो. पाचमध्येही. चारमध्ये पहिल्या इंचापासून ताजा आहे. आणि वरून गुळगुळीत. हात लावा.”

मी अंगठा फिरवला. माठाच्या गळ्यासारखी गोलाई होती.

“म्हणजे काय?”

“म्हणजे काही नाही,” ती म्हणाली, आणि पेन खिशात ठेवून पेन्सिल काढली. पेन्सिल म्हणजे काहीतरी आहे.

दोन दिवस तो तक्ता पेन्सिलीतच राहिला. मी विचारलं नाही. पण माणूस आपल्याच बापावर शंका घ्यायला लागला की तो आधी स्वतःलाच खोटं पाडायचा प्रयत्न करतो, हे मी बघत होतो. ती पुस्तकं उघडायची, मिटायची. खडकाचे पट्टे कधी कधी जागच्या जागीही वळतात, असं मला सांगायची, जणू मीच नाही म्हणत होतो.

गुरुवारी मी महिन्याची टँकरची बेरीज करायला बसलो. तीन नंबरला दोन टँकर. पाचला दोन. सहाला दोन. चारला सात. कुठेतरी पाणी मुरत होतं. चारपुढे शेऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘पाच टँकर धुळीवर मारले.’ वस्तादने सांगितलं, मी लिहिलं. लिहिताना माझ्या मनात आलं होतं की आवार फरसबंद आहे, धूळ आणायची कुठून. पण वस्ताद काय, असं म्हणून मी पान उलटलं होतं. एकोणीस वर्षांत मी कोणाचा डावा हातमोजासुद्धा सोडला नाही, आणि वस्तादचे पाच टँकर सोडले.

रजिस्टर घेऊन ताईकडे गेलो. तिने पान वाचलं. रकान्यावर बोट ठेवलं. मग आपला तक्ता काढून पाण्याचा रकाना बघितला. आठ मीटर साठपासून अकरा साठपर्यंत, वस्तादच्या सांगण्यावरून: ‘पूर्ण परत.’

साहेबांना संध्याकाळपर्यंत सगळे तक्ते हवे होते. सोमवारी खांबांची मशीन येणार होती, आणि चार नंबरवर मधला सगळ्यांत जड खांब बसणार होता. तिने बापाच्या शब्दावर सही केली असती तर सोमवारी खांब अकरा मीटरवर टेकला असता. नसती केली तर चाळीस वर्षांत पहिल्यांदा वस्तादचा बोअर पुन्हा घ्यायला लागणार होता, आणि तोही त्याच्या मुलीच्या सांगण्यावरून.

“काका, वस्तादांना बोलावता?”

वस्ताद हात पुसत आला. ताईने तिन्ही पेट्या दाखवल्या. त्याने बघितलं आणि मान हलवली.

“वळलाय खडक. वळतो.”

“वळत असेल. वस्ताद, चारला पाणी परत येत होतं?”

“लिहिलंय ना तुम्ही.”

“तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं.”

“मग विचारता कशाला, मॅडम?”

“सात टँकर लागले.”

वस्तादने माझ्याकडे बघितलं. मी रजिस्टर छातीशी धरलं, अगदी परीक्षेच्या पेपरासारखं.

“धूळ होती,” तो म्हणाला.

“फरशीवर?”

आता त्याचा आवाज चढला. “चाळीस वर्षं मी खडक लावतोय. तुझ्या जन्माआधीपासून. मला शिकवू नकोस खडक म्हणजे काय ते.” ‘मॅडम’ कधी गळालं ते त्यालाही कळलं नाही.

“शिकवत नाहीये, बाबा. विचारतेय. पाणी कुठे गेलं?”

तो पेट्यांच्या कडेला बसला. गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “रजिस्टर, तू बाहेर जा.”

“राहू दे त्यांना,” ताई म्हणाली. “त्यांनी लिहिलंय, तर ऐकू दे.”

“केसिंग गळत होतं,” वस्ताद म्हणाला. अगदी हळू. “आट्या झिजल्यात पाइपांच्या. मी घट्ट करतो, पण हल्ली मनगटात जोर राहिला नाही. पाणी वर यायचं थांबलं तेव्हा वाटलं, जोड सुटला कुठलातरी. पोरांसमोर काय सांगू, वस्तादचं केसिंग गळतं म्हणून? दोन महिने राहिलेत. टँकर मागवले, ओतत राहिलो, तीन मीटर पुरे केले, पाइप काढला. खडक तर खडकच होता ना.”

बोअर घेणाऱ्या माणसाला गळकं केसिंग म्हणजे शिंप्याच्या स्वतःच्या सदऱ्याची उसवलेली शिवण. खडक चुकला तर लोक म्हणतात जमीन फसवी होती. केसिंग गळलं तर म्हणतात हात गेला. आणि त्याने जमिनीचा एवढा मोठा इशारा आपल्या मनगटाच्या खात्यावर टाकला होता.

ताई त्याच्यावर ओरडेल असं मला वाटलं. तिने नुसतं विचारलं, “तेच पाइप आहेत?”

“मागे रचलेत.”

“चल, भरून बघू.”

चार नंबरचे पाइप होते तसेच जोडले. जोडताना वस्तादने पाना स्वतःच घेतला. एका टोकाला लाकडी बूच ठोकलं, ते टोक खाली ठेवून पाइप मशीनच्या तिवईवर उभा केला, आणि वरून काठोकाठ पाणी भरलं. ताईने वरच्या कडेला खडूची रेघ मारली. मग आम्ही तिघं तीन उलट्या बादल्यांवर बसलो. आवारात इस्पितळाची माणसं ये-जा करत होती. एका आजीने विचारलं, नळ येणार आहे का इथे. वस्ताद म्हणाला, “बघतोय, आजी.”

पहिला अर्धा तास तो एकेका जोडावरून बोट फिरवत होता, ओल लागते का बघत. लागली असती तर त्याला बरं वाटलं असतं की वाईट, ते मला सांगता येणार नाही. त्यालाही आलं नसतं. दीड तासाने ताई शिडीवर चढली.

“रेघेवर आहे.”

“नीट बघ.”

“तू ये.”

तो चढला. वाकून बघितलं. बोट बुडवलं, जणू पाणी खोटं असेल. मग शिडीवरच उभा राहिला.

“थेंब नाही गेला,” तो म्हणाला.

“नाही गेला,” ताई म्हणाली. “तुझे जोड पक्के होते, बाबा.”

शिडीवरून उतरताना त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. मनगट शाबूत निघालं होतं, आणि नेमक्या त्याच कारणाने खडक गेला होता. पाइप पाणी पीत नव्हता, तर पिणारं खालचं कोणीतरी होतं. सलग खडक पाच टँकर पीत नाही.

“साहेबांना मी सांगतो,” वस्ताद म्हणाला.

ते कसं झालं ते मी दाराबाहेरून ऐकलं. साहेब म्हणाले, तीन मीटर झाले, करार पुरा झाला. वस्ताद म्हणाला, करार पुरा झाला, जमीन पुरी नाही झाली. साहेब म्हणाले, पुन्हा बोअर म्हणजे तुमचीच चूक कागदावर येईल. वस्ताद म्हणाला, “तीच आणायला आलोय, साहेब.” मशीनची तारीख तीन दिवस पुढे गेली.

जुन्या भोकापासून दीड मीटरवर नवा बोअर सुरू झाला. लिव्हरवर वस्ताद स्वतः, शेजारी ताई तक्ता घेऊन. मी शेड बंद करून तिथेच जाऊन उभा राहिलो. मला काही काम नव्हतं. पण एकोणीस वर्षं पेट्या मोजून मी एकदाही भोकाच्या तोंडाशी उभा राहिलो नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

आठ मीटर ऐंशीला दगड लागला. तेच तिरके पट्टे. दहा मीटर गेलं, अकरा गेलं. पाणी आधी निम्मं झालं, मग वर यायचंच थांबलं. या वेळी त्याने हात वर करून मोठ्याने सांगितलं, सगळ्या पोरांना ऐकू जाईल असं: “पाणी गेलं. लिहा.” बारा मीटरला मशीनचा आवाज बदलला. कर्रकर्र चाललेलं एकदम मऊ झालं, आणि रॉड आपल्या आपण खाली गेला. कोणी ढकलला नव्हता. पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसा. वस्तादने लिव्हर सोडलं. मशीन बंद झाली. आवारातल्या कबुतरांचे पंख ऐकू यायला लागले.

“गोटा होता,” तो म्हणाला. “एका खोलीएवढा.”

घराच्या खोलीएवढा एक दगड, कुठल्या तरी डोंगरावरून कधी तरी सुटलेला, गडगडत आलेला, पाण्याने घासून गोल झालेला. आणि वस्तादचं भोक नेमकं त्याच्या पोटातून गेलं होतं. चार पावलं इकडे असतं तरी चुकलं असतं.

त्या गोट्यातून केसिंग खाली उतरवायला दीड दिवस गेला. त्याखाली काय निघालं ते मी पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांत लिहिलं. मुठीएवढे गोटे, सगळे गोल, एकही कोपरा नसलेले. मग जाड वाळू. मग बारीक वाळू. जसं एखादं जोरात वाहणारं पाणी हळूहळू थकत गेलं असावं.

“उलट वाचा,” ताई मला म्हणाली. “खालचं आधीचं, वरचं नंतरचं. आधी पाणी शांत होतं, मग वाढलं. हा मोठा गोटा सगळ्यांत शेवटी आला.”

सतरा मीटर तीसला नळीत काळसर चिकणमाती आली. ताईने ती गुडघ्यावर घेऊन तारेने चिरली, साबणाची वडी चिरावी तशी. दोन अर्ध्या उघडल्या. आत पान होतं.

पानाचा ठसा नव्हे. पान. बोटभर लांब, तपकिरी, मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या बारीक शिरा, कडेला एके ठिकाणी किड्याने खाल्लेलं अर्धगोल. देठाकडे थोडी हिरवट झाक होती. आमच्या डोळ्यांसमोर ती झाक गेली. मग तपकिरी गडद झालं, मग कडेपासून काळं पडायला लागलं. हवा लागत होती त्याला. एक-दोन मिनिटांत सगळं पान कोळशासारखं काळं झालं.

मशीनवरची पोरं येऊन उभी राहिली होती. कोणीतरी टोपी काढली आणि मग कशाला काढली हे न कळून परत घातली.

“किती जुनं?” मी विचारलं.

“मोजायला पाठवावं लागेल. वीस हजार वर्षं असेल, तीस असेल. जास्तही असेल.”

मी आयुष्यात बरेच आकडे लिहिलेत. एवढ्या आकड्यापुढे कुठला रकाना लावायचा ते मला सुचेना. तो किडा ज्या दिवशी खाऊन उठला असेल, त्या दिवसापासून ते पान उजेडाची वाट बघत होतं, आणि उजेड आला तेव्हा दोन मिनिटंच टिकलं. ती दोन मिनिटं आम्ही सात जणांनी बघितली. आणि वरती, आमच्या पाठीमागे, गाडी कुठे लावायची यावरून एक माणूस रखवालदाराशी भांडत होता. आम्ही उभे होतो तिथून सतरा मीटर खाली एका नदीचा काठ होता. झाडं होती. किडे होते. तीन नंबर आणि पाच नंबर हे त्या नदीचे दोन तीर होते, आणि त्यांच्यामध्ये साठ मीटर फरशी अंथरून लोक गाड्या लावत होते.

वस्तादने दोन्ही अर्ध्या वड्या एकमेकींवर ठेवल्या आणि ओला फडका गुंडाळला. “झाकून ठेव, ठमे,” तो म्हणाला. “वारं बाधतंय त्याला.”

खरा खडक तेवीस मीटर दहाला लागला. वरचा मीटरभर कुजलेला. पट्टे आडवे. तरी वस्ताद थांबला नाही. तीन मीटर झाले, चार झाले. “पाच करू,” तो म्हणाला, आणि पाच केले. पाणी शेवटपर्यंत परत येत राहिलं. कुजलेल्या भागात थोडं कमी होतं, तेही त्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ताईने शेडमध्ये आलेखाचा मोठा कागद पसरला. बारा बोअर बारा उभ्या पट्ट्या, आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. जिथे माहीत आहे तिथे सलग, जिथे अंदाज आहे तिथे तुटक. मी इतकी वर्षं समजत होतो की कागदावरची सगळी जमीन यांनी बघितलेली असते. बघितलेली असते ती मनगटाएवढ्या भोकापुरती, बाकी सगळी तुटक रेघ. तीनपासून रेघ आडवी आली, चारपाशी विहिरीत उतरावी तशी खाली गेली, आणि पाचपाशी वर आली. नदी दिसली. मी खुर्ची ओढून बसलो आणि पाहत राहिलो. साहेबही आले, पाहिलं, आणि पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता गेले. खांब तेवीसच्या खाली नेण्याचं ठरलं होतं.

मग वस्ताद सहीला आला. ताईने दोन्ही तक्ते समोर ठेवले, जुना चार आणि नवा. वस्ताद शाळेत फार गेलेला नाही, वाचतो पण सावकाश, ओठ हलवत. आधी नवा वाचला. एका ओळीवर थांबला.

“रॉड पस्तीस सेंटीमीटर पडला असं लिहिलंयस.”

“पस्तीसच पडला.”

“चाळीस. खडूची खूण मी केली होती.”

तिने चाळीस केले. त्याने सही केली. मग जुना तक्ता घेतला. त्यात तिने ‘खडक’ खोडून ‘मोठा गोटा’ केलं होतं. पाण्याच्या रकान्यातलं ‘पूर्ण परत’ही खोडलं होतं आणि वर शाईने लिहिलं होतं: ‘नोंद उपलब्ध नाही.’

वस्तादने ते तीनदा वाचलं.

“हे काय?”

“बरोबर आहे ते,” ताई कागदाकडे बघत म्हणाली. “असंच लिहितात.”

“उपलब्ध नाही कशी? होती. मी दिली नाही.”

“बाबा, खांब खोल गेले. काम झालं. आता याने कोणाचं काही बिघडत नाही. दोन महिने आहेत, नीट जा.”

“बिघडत कसं नाही? उद्या या नदीवर आणखी कोणी काही बांधेल. तो हा कागद काढेल. त्याला वाटेल इथे पाणी कुठे गेलं ते कोणाला कळलंच नव्हतं. मला कळलं होतं. हातावर कळलं होतं.” तो खाली बसला. “पेन घे.”

तिने पेन घेतलं नाही. तो थांबला. मी माझ्या टेबलावर पेट्यांचे आकडे पुन्हा जुळवत होतो. ते आधीच जुळलेले होते.

“मॅडम,” वस्ताद म्हणाला, “पेन घ्या.”

तिने घेतलं.

“दहा मीटर ऐंशीपर्यंत पूर्ण. दहा ऐंशीला निम्मं. अकरा मीटरला पाव. अकरा वीसपासून काहीच नाही, शेवटपर्यंत.” कागदावरून वाचावं तसं तो बोलत होता, पण कागद कुठेच नव्हता. “वर आलेलं पाणी गार लागत होतं, तेही लिहा. भोकाच्या तोंडाशी हात धरला तर खालून गार वारा यायचा. आणि पुढे लिहा की हे बोअर घेणाऱ्याने तेव्हा सांगितलं नाही, आज सांगितलं. आजची तारीख घाला.”

ती लिहीत गेली. वाऱ्यापाशी तिने मान वर केली.

“वारा होता?”

“होता. बारीक. फुंकर मारल्यासारखा.”

“कधीपासून?”

“अकरा वीसपासून,” तो म्हणाला, आणि सहीसाठी पेन मागायला हात पुढे केला.